पुलाखालची पंगत

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे आणि सध्या माझ्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसली आहे. तिला उठवायचे नाही, असा घरातला हुकूम आहे. ही कोंबडी साधीसुधी नव्हे. ती माझ्याच सीटवर का बसली यामागे मोठा इतिहास आहे आणि तो सांगणारे माझ्याइतके जुने केदिरी गावात आता फारसे कुणी उरलेले नाही. तेव्हा नीट ऐका.

माझे सुटे भाग परदेशातून खोक्यांत भरून जहाजाने आले आणि जकार्तातल्या एका कारखान्यात मला जोडले. रंग फिकट निळा. दुकानात माझ्या एका बाजूला लाल स्कूटर उभी होती, दुसऱ्या बाजूला हिरवी. उगाच कुणाची निंदा करू नये, पण त्या दोघींत काही दम नव्हता. तरीही येणारा प्रत्येक जण आधी लाल स्कूटरवर हात फिरवायचा. मग एका रविवारी पाक वास्कितो आले. पाक म्हणजे आमच्याकडे मोठ्या माणसाला आदराने म्हणतात, पण तेव्हा ते काही मोठे नव्हते. सरकारी पूल खात्यात नुकतेच लागलेले एक किडकिडीत इंजिनिअर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पँटच्या घड्या सांभाळत खाली वाकले आणि चक्क जमिनीवर आडवे होऊन माझ्याखाली सरकले.

दुकानदार घाबरला. म्हणाला, "अहो साहेब, काय करताय? लोक गाडी वरून बघतात!"

खालून आवाज आला, "वरून सगळ्याच छान दिसतात. वजन कुठे पेलतंय ते खालूनच कळतं."

बराच वेळ ते तिथे पडून होते. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! पण बाहेर आले तेव्हा त्यांच्या गालाला माझे ग्रीस लागले होते आणि ते हसत होते. "हीच," एवढेच म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

पुढच्याच वर्षी लास्मी घरात आल्या. त्यांचे लुंगीसारखे घट्ट नेसण असायचे, त्यामुळे त्या मागे एका बाजूला पाय सोडून बसायच्या आणि पाक वास्कितो मला इतक्या हळू चालवायचे की सायकलवरून काडीला लावलेले भाजके मांस विकणारा सातेवाला घंटी वाजवत आम्हाला मागे टाकून पुढे जायचा. "मास," लास्मी मागून म्हणायच्या, "तो बघा, त्याच्या शेगडीतले निखारेसुद्धा आपल्याआधी पोहोचतील." मास म्हणजे नवऱ्याला लाडाने मारलेली हाक. यावर पाक वास्कितो आणखी हळू चालवायचे. थोड्या वर्षांत माझ्यावरची गर्दी वाढली. थोरली निंग्रुम पुढे उभी राहून हॉर्न वाजवायची, धाकटा बागस आईबापांच्या मधे चेपून बसायचा आणि अधूनमधून ओरडून आपण अजून जिवंत असल्याचे कळवायचा. सकाळी मी सुरू होत नसे. मग मला एका बाजूला तिरकी करायची, थोडा वेळ तसेच धरायचे, सरळ करायचे आणि बिस्मिल्ला म्हणून किक मारायची. हे काम पाक वास्कितो मोठ्या प्रेमाने करत. मीही मुद्दाम पहिल्या किकला सुरू व्हायची नाही, कारण तिरके धरलेले मला आवडायचे.

घरी मात्र त्यांच्या इंजिनिअरीचे काही चालत नसे. मोरीतला नळ लग्नाच्या वर्षापासून गळत होता. दर महिन्याला ते पाना घेऊन बसायचे आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गळायचा. "नदीवर पूल बांधतात," लास्मी शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "आणि वीतभर नळापुढे हात टेकतात."

आता मुख्य गोष्टीकडे येते. वारुरेजो नावाचे एक खेडे आहे. त्याच्या आणि बाजाराच्या मधे बेंदो नदी वाहते. शाळा पलीकडे, दवाखाना पलीकडे. जायला बांबूचा तराफा, तोही दोरीला धरून ओढायचा. पावसाळ्यात नदी चढली की तराफा काठाला बांधून ठेवायचा आणि मुलांनी घरी बसायचे. गरोदर बाईला पलीकडे न्यायचे असले की सगळे गाव नदीकडे बघत बसे. इथे पूल बांधायचे काम पाक वास्कितोंकडे आले. त्यांचा हा पहिलाच मोठा पूल होता आणि त्यांना झालेला आनंद मला ॲक्सिलरेटरमधून कळत होता.

काम सुरू करण्याआधी मुकादमाने डोके खाजवत विचारले, "पाक इंजिनिअर, म्हशीच्या डोक्याचं काय?"

आमच्याकडे मोठे बांधकाम काढले की पायाच्या खड्ड्यात म्हशीचे डोके पुरायचे, दुवा मागायची आणि सगळ्यांना भात जेवू घालायचा अशी पद्धत आहे. नाही तर पूल आपले देणे माणसांच्या, त्यातून पोरांच्या डोक्यांनी वसूल करतो म्हणतात. पण खाते म्हशीला काही मंजुरी देईना. शेवटी पाक वास्कितोंनी आपल्या पदरचा एक कोंबडा आणला. पद्धतीप्रमाणे दुवा झाली, भात झाला आणि पायात कोंबडा गेला.

नदीकाठी म्बोक गिनेम, म्हणजे गिनेमबाई, पेचेल विकत बसायची. केळीच्या पानावर भात, उकडलेल्या पालेभाज्या आणि वर शेंगदाण्याची झणझणीत चटणी. विशी-पंचविशीतली विधवा बाई, पण तोंड असे की तराफेवालासुद्धा वचकून असे. तिला तुमी नावाची एकुलती एक मुलगी होती. गिनेमने पुलाच्या पायाकडे पाहिले आणि म्हणाली, "एवढ्या मोठ्या पुलाला कोंबडा? हे म्हणजे हत्तीला शेंगदाणा. मग राहिलेलं कुठून भरणार?"

तिने ते सहज म्हटले असेल. पण बोलाफुलाला गाठ पडली आणि तिला कारण झाले मी.

काँक्रीट ओतले की त्याचे थोडे नमुने साच्यात भरून ठेवतात. ते पक्के झाले की शहरातल्या प्रयोगशाळेत नेऊन यंत्राखाली फोडतात, म्हणजे काँक्रीट किती वजन सोसते ते समजते. तोवर ते ओले ठेवावे लागतात. पाक वास्कितो ते नमुने ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्या पुढच्या आकड्याला टांगत. एकेक नमुना माणसाच्या डोक्याएवढा आणि गोल. आता वारुरेजोची माती लाल. गोणपाट तिच्यावर लोळलेले असायचे. त्यातून सगळ्या रस्त्याने लाल पाणी ठिबकत जायचे. मित्रांनो, पुढचे मी सांगायला नको. दर आठवड्याला एक निळी स्कूटर गावातून जाते, पुढे जड गोणी लोंबते, तिच्यातून लाल थेंब गळतात आणि वर बसलेला इंजिनिअर रस्त्यातल्या प्रत्येक पोराकडे बघून हसतो!

ते हसायचे, कारण त्यांना मुले आवडायची. पण माझा आवाज आला की रस्ता ओस पडू लागला. आया पोरांना ओढून आत घेत आणि दार लावून घेत. "डोकीवाली आली, डोकीवाली आली," अशी कुजबूज मला ऐकू यायची. डोकीवाली म्हणजे मी. आयुष्यात इतका अपमान मी कधी सोसला नव्हता. मग एके दिवशी मजूर आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मुकादम तेवढा आला आणि पायाकडे बघत म्हणाला, "माझा विश्वास नाही हो. पण बायको सोडत नाही."

हे सगळे अगदी नको त्या वेळी झाले. खांब उभे होते, पण वरचा भाग ओतायचा राहिला होता आणि त्याला आधार देणारा बांबू-वाशांचा मांडव नदीतच उभा होता. पाऊस तोंडावर आला होता. पूर आला असता तर मांडव, सळया, सगळे वाहून गेले असते आणि वारुरेजोला पुन्हा पूल मंजूर झाला असता की नाही कुणास ठाऊक. पाक वास्कितो त्या संध्याकाळी घरी आले आणि मला स्टँडवर लावायलाच विसरले. मी भिंतीला टेकून उभी होते. आतून लास्मींचा आवाज आला, "जेवत का नाही? मीठ जास्त झालंय का?"

"लोक मला बघून पोरं लपवतात, लास्मी," ते म्हणाले. "मला. मी दोन पोरांचा बाप आहे."

लास्मींनी पान पुन्हा त्यांच्यापुढे सरकवल्याचा आवाज आला. मग लास्मी म्हणाल्या, "तर मग ती दोन पोरं त्यांना दाखवायला नकोत का?"

शाळेला सुट्टी होती. लास्मींनी भांडीकुंडी बांधली आणि आम्ही पाचही जण (मी धरून) नदीकाठच्या बांबूच्या खोपटात राहायला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी लास्मी पोरांना घेऊन गिनेमकडे पेचेल खायला गेल्या. गिनेमने पान पुढे केले, पण तुमीला लगेच पदराआड घेतले. तिथे आणखी पाच-सहा बाया बसल्या होत्या. लास्मी शांतपणे जेवल्या, हात धुतले, माझ्यापाशी आल्या आणि आकड्यावरची गोणी काढून त्यांनी ती गिनेमच्या पाट्यावरवंट्याशेजारी धाडकन आपटली. तोंड सोडले आणि आतला काँक्रीटचा गोळा बाहेर लोटला.

"घ्या. बघून घ्या," त्या म्हणाल्या. "कुणाच्या ओळखीचं आहे का डोकं?"

एक बाई किंचाळली. मग सगळ्या पुढे वाकल्या. गिनेमने आधी बोट लावले, मग वरवंट्याने ठोकून पाहिले. गोळा टणक्‌ वाजला.

"हे तर दगडासारखं कठीण आहे," ती म्हणाली.

"माझ्या नवऱ्याच्या डोक्याइतकं नाही," लास्मी म्हणाल्या.

आधी एक बाई खुसखुसली आणि मग सगळ्याच हसत सुटल्या. हसू काठावरून गावात गेले. दुपारपर्यंत मुकादमाच्या बायकोने त्याला सोडले आणि दोन दिवसांत मजूर परत आले. निंग्रुम, बागस आणि तुमी एकाच वाळूत घरे करू लागली, म्हणजे गिनेम बघत नसेल तेव्हा. पाऊस यायच्या आधी वरचा भाग ओतून झाला. पहिला पूर आला तेव्हा तो नव्या पुलाखालून मुकाट्याने निघून गेला.

पण गिनेमची खात्री पटली नव्हती. "डोकी नव्हती हे मान्य," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "पण पूल मागतो ते मागतोच. कोंबड्यावर तो राहणार नाही. मी आपली तराफ्यानेच जाईन." आणि तिचे ऐकून सगळे गाव तराफ्यानेच जात राहिले. पूल तयार होता, पक्का होता, आणि त्याच्यावरून एक कुत्रेसुद्धा जात नव्हते. पाक वास्कितो रोज सकाळी त्या रिकाम्या पुलाकडे बघत उभे राहायचे. शाळेतून न्यायला कुणी आले नाही अशा पोरासारखा तो पूल दिसायचा.

शेवटी वजनाच्या चाचणीचा दिवस ठरला. नवा पूल खुला करण्याआधी त्याच्यावर वाळूने भरलेले ट्रक उभे करून बघतात. तो किती वाकतो ते मोजायला पुलाखाली एक दोरी ताणून बांधलेली असते. पूल वाकायलाच हवा, न वाकून चालत नाही. पण वजन गेल्यावर तो परत जागेवर यायला हवा. सगळे गाव काठावर जमले होते. पाक वास्कितो म्हणाले, "मी खाली उभा राहतो. ट्रक वर येऊ देत."

लास्मींनी डोक्यावर टोपली घेतली होती. तिच्यात हळद घातलेल्या पिवळ्या भाताचा उभा डोंगर होता आणि भोवती तळलेली कोंबडी, अंडी, टोफू. त्या पोरांचा हात धरून उतारावरून खाली निघाल्या.

"तू कुठे निघालीस?" पाक वास्कितो ओरडले.

"जेवायला. तुम्ही खालीच आहात ना?"

"पोरांना घेऊन? लास्मी, वर जा! काठावर थांब!"

लास्मी थांबल्या. हळूच, पण मला ऐकू येईल असे म्हणाल्या, "मास, तुम्हाला पुलाची खात्री नसेल तर तुम्हीही खाली उभं राहू नका. आणि खात्री असेल, तर आम्ही काय घोडं मारलंय?"

पाक वास्कितोंनी हातोडी घेतली आणि सगळ्या गावाला ताटकळत ठेवून पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा एकदा ठोकून पाहिला. मग येऊन मला ढकलत पुलाखालच्या कोरड्या वाळूवर घेऊन आले आणि पोरांना टेकायला म्हणून मधोमध उभी केली. माझ्या हँडलवर त्यांचे दोन्ही हात होते. मित्रांनो, हँडलला सगळे कळते. एकट्याने उभे राहायचे होते तोवर ते हात कोरडे होते. आता त्यांना इतका घाम सुटला होता की माझी मूठ त्यांच्या हातातून निसटत होती. त्या माणसाचे आपल्या माणसांवर किती प्रेम होते हे मला त्या दिवशी कळले. पुढे त्याहून जास्त कळण्यासारखे काही उरले नाही.

चटई पसरली. भात वाढला. पाक वास्कितोंनी मान वर करून काठाकडे हाक मारली, "म्बोक गिनेम, या ना खाली! भात पुष्कळ आहे!"

"मी इथंच बरी आहे!" गिनेमचे उत्तर आले. तिने तुमीचा हात घट्ट धरला होता.

पहिला ट्रक वर आला. मग दुसरा. मग आणखी. सगळा पूल हुंकारला. वरून थोडी धूळ भातावर पडली.

"बापाक, हे काय पडलं?" बागसने विचारले.

"सिमेंटची धूळ आहे. बाजूला कर आणि जेव."

पण त्यांचा स्वतःचा घास हातातच होता. ते दोरीकडे बघत होते. सगळे ट्रक उभे राहिले, इंजिने बंद झाली आणि एकदम शांतता पसरली. तेवढ्यात पाक वास्कितो ताडकन उठले आणि दोन्ही हात वर करून आनंदाने ओरडले, "वाकला! वाकला! हवा तेवढाच वाकला!"

काठावरच्या लोकांना पहिलाच शब्द तेवढा ऐकू आला. एकच हलकल्लोळ झाला. बाया रडू लागल्या, म्हातारे दुवा पुटपुटू लागले, तराफेवाला तराफ्याकडे धावला. त्या गोंधळात गिनेमने दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि तुमीचा हात सुटला. ती कारटी भातावर डोळा ठेवूनच होती. उतारावरून घसरत सरळ पुलाखाली आली, माझ्या पायथ्याशी निंग्रुमला खेटून बसली आणि म्हणाली, "मला अंडं."

लास्मींनी तिला अंडे दिले. गिनेम काठावरून हाका मारत राहिली, रडत राहिली, पण तिचे पाऊल काही खाली पडेना. मग ट्रक एकामागून एक उतरले. पाक वास्कितोंनी दोरीजवळ जाऊन डोळा लावला. पूल परत जागेवर आला होता, जणू काही झालेच नव्हते. तेव्हा कुठे ते चटईवर बसले आणि त्या दिवशी त्यांनी इतका भात खाल्ला की लास्मींना स्वतःसाठी उरला नाही.

तुमी वर चढली आणि पलीकडचा काठ शिवून आईकडे परत गेली. पुलावरून. तिच्यामागून तराफेवाला आपली सायकल घेऊन गेला आणि त्याच्यामागून सगळे गाव. शाळा उघडली तेव्हा वारुरेजोची मुले पुलावरून शाळेत गेली. गिनेमही दुसऱ्या दिवसापासून पुलावरूनच बाजाराला जाऊ लागली. मात्र पुलाखाली ती कधी आली नाही. बाकीच्या बाया पुलाच्या सावलीत कपडे धुवायच्या, ती उन्हातल्या दूरच्या घाटावर जायची.

यानंतर आमच्या मालकांना एक खोड लागली. दर लेबारानला, म्हणजे ईदला, आम्ही वोनोगिरीजवळ त्यांच्या आईच्या गावी जायचो. तिथे तिच्या पायाशी बसून वर्षभराची माफी मागायची असते. रस्त्यात पूल आला की पाक वास्कितो मला थांबवायचे आणि खाली उतरून बघायचे. लहान पूल, मोठा पूल, ओढ्यावरची मोरी, काही सुटायचे नाही. मांडीवर खाण्याचे डबे घेऊन लास्मी कंटाळायच्या. "मास, आपण सासूबाईंना भेटायला निघालोय की पुलांना? त्यांचीही माफी मागायची आहे का?" खालून आवाज यायचा, "अगं, इथून कुणाची तरी पोरं जातात." दरवर्षी आम्ही पोहोचेपर्यंत निम्म्या नातेवाइकांचे जेवण झालेले असे.

वर्षे गेली. माझा रंग उडाला. निंग्रुम सुराबायाला डॉक्टर झाली, बागस बँकेत लागला आणि त्याने पांढरी मोटार आणली. मला पडवीच्या कोपऱ्यात उभे केले. मोटारीत गार हवा लागते, पाऊस लागत नाही, सगळे खरे. पण तिला कुणी तिरकी करून किक मारल्याचे मी अजून पाहिलेले नाही. पाक वास्कितो मात्र दर शुक्रवारी नमाजाच्या आधी माझ्याकडे यायचे. मला पुसायचे, तिरकी करायचे आणि सुरू करून थोडा वेळ नुसते ऐकत उभे राहायचे. आणि वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, खात्यातून निवृत्त झाल्यावरही, ते मला घेऊन वारुरेजोला जायचे. पुलाच्या पाणी जायच्या भोकांतला गाळ स्वतः काढायचे, हातोडीने खांब ठोकून बघायचे. मग गिनेमकडे पेचेल.

"आलात डोकी मोजायला?" ती दरवर्षी विचारायची.

"आलो. तुझं अजून जागेवर आहे ना?" ते विचारायचे आणि दोघे हसायचे. हे असे सगळे केस पांढरे होईपर्यंत चालले. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि मला तिरकी धरायचे काम लास्मींकडे आले. किक मारणे दोघांनाही जमत नसे. मग ते नुसते माझ्या सीटवर हात ठेवून बसायचे.

गेल्या वर्षी एका सकाळी, चहा घेऊन झाल्यावर, पाक वास्कितो खुर्चीतच गेले. भरल्या घरात, नातवंडांच्या गलबल्यात. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. रडण्यासारखे पुष्कळ होते आणि सगळे रडलेही. मीही माझ्या परीने तेलाचे दोन थेंब फरशीवर टाकले. तेवढ्यात मोरीतल्या नळाचा आवाज आला आणि लास्मींना रडता रडता हसू फुटले. "बघा, शेवटपर्यंत नाही जमला," त्या म्हणाल्या.

आमच्या जावा बेटावर एक जुनी रीत आहे. माणसाला शेवटच्या प्रवासाला न्यायच्या आधी अंगणात त्याची तिरडी खांद्यांवर उंच धरतात आणि घरची माणसे तिच्याखालून वाकून जातात. आधी लास्मी गेल्या, मग निंग्रुम, मग बागस, मग नातवंडे. तेवढ्यात फाटकाशी एक मिनीबस येऊन थांबली. वारुरेजोचे लोक होते. शाळेतल्या शिक्षिकेसारखा चष्मा लावलेली एक बाई उतरली आणि तिने हात देऊन एका म्हाताऱ्या बाईला उतरवले. ती तुमी होती आणि म्हातारी होती गिनेम. अगदी वाळून गेली होती, कमरेत पार वाकली होती. ती सरळ तिरडीकडे निघाली.

"म्बाह," म्हणजे आजी, असे म्हणत कुणा म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला अडवले, "हे घरच्यांनी करायचं असतं."

"पन्नास वर्षं हिच्या हातचं पेचेल खाल्लंय त्यांनी," लास्मी म्हणाल्या. "ही घरचीच आहे. येऊ द्या तिला. तिरडी जरा उंच धरा, तिला वाकायला त्रास होईल."

"असू दे गं," गिनेम म्हणाली. "मला वेगळं वाकायला नको. मी वाकलेलीच आहे."

तिने तुमीचा हात सोडला आणि एकटी तिरडीखाली शिरली. मधोमध थांबली. मान वर करता येत नव्हती, तरी तिने वर तोंड केले आणि म्हणाली, "पाक इंजिनिअर, त्या दिवशी तुम्ही एवढी हाक मारलीत, भाताला बोलावलंत, आणि मी काठावरच उभी राहिले. आज आले हो मी खाली."

तिरडी धरणाऱ्यांचे खांदे हलत होते. मी पडवीतून सगळे पाहिले.

सातव्या दिवशी पुन्हा दुवा मागायला आणि जेवायला लोक जमले. गिनेम आली, तेव्हा तिच्या काखेत एक तांबडी कोंबडी होती. तिने ती लास्मींच्या हातात दिली.

"ही कशाला?" लास्मींनी विचारले.

"परत करतेय," गिनेम म्हणाली. "तुमच्या माणसाने पुलाला कोंबडा दिला होता ना. मी म्हणायचे, एवढ्याने त्याचं भागणार नाही, उरलेलं तो मागेल. पन्नास वर्षं वाट बघितली. काही मागितलं नाही त्याने. एक पोर नेलं नाही. उलट माझी पोर रोज शाळेत नेली आणि रोज परत आणली. मग तो कोंबडा तरी तुमच्याकडून फुकट का घ्यायचा?"

लास्मींनी कोंबडीला खाली सोडले. तिने अंगणभर हिंडून सगळ्या जागा पाहिल्या आणि शेवटी उडी मारून माझ्या सीटवर येऊन बसली. तेव्हापासून तिथेच आहे. आता तिच्याखाली अंडी आहेत आणि लास्मी दर शुक्रवारी येऊन तिला न उठवता मला पुसतात आणि म्हणतात, "सांभाळ गं. वरचं वजन नीट पेल."

मी पेलते आहे, मित्रांनो. तुम्हीही एवढे करा. घरातल्या जुन्या वस्तूला कधीमधी हात लावत जा, तिला बरे वाटते. आणि कुठल्याही पुलावरून जाल तेव्हा क्षणभर थांबून खाली वाकून बघा. भोकांत गाळ साचला असेल तर काढा, भेग दिसली तर कुणाला तरी सांगा. कारण तुम्ही यायच्या कितीतरी आधी, कुणीतरी घामेजल्या हातांनी आपली बायकापोरे घेऊन त्या पुलाखाली जेवायला बसला होता.